शेंदराखालची मगर

सुरतेच्या कारखान्यातून टेम्पोनं आलेली लाकडी मगर जाड निघाली, आणि स्थापनेला जमलेलं सगळं घर मोहाच्या झाडाखाली तिच्याभोवती गोळा झालं.

गजराबाई पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली, की त्या वजनानं टेम्पोचं मागचं चाक बसलं, ड्रायव्हरनं मगरीचं वेगळं तिकीट मागितलं, आणि नवापूरच्या नाक्यावर हवालदारानं मगरीलाच खाली उतरून थोडं चालायला लावलं. चाक बसलं एवढं खरं. ड्रायव्हर तेव्हाही बांधावर बसून ट्यूबला ठिगळ लावत होता आणि मधूनमधून मान वर करून ह्या घराची मजा बघत होता.

"ही आपली नाही," मगन म्हणाला. "हिला गालगुंड झालंय."

बांधावर, दोन खुंटांच्या आधारानं, जुना मगरदेव बसला होता. बासष्ट वर्षं तो तिथंच होता, उघड्यावर, कारण ह्या घराचा मगरदेव छपराखाली जात नाही. त्याचं पोट वाळवीनं पोखरलं होतं. येत्या पावसाळ्यात तो उभा राहणार नाही, हे शेळ्यांनाही कळलं होतं. त्या त्याला अंग घासायच्या बंद झाल्या होत्या. घरची रीत अशी, की देव थकला की त्याच्याकडे बघून नवा घडवायचा, दोघांना शेजारी ठेवायचं, आणि घरातल्या थोरल्यानं दोघांच्या अंगावरून नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवून म्हणायचं, "हाच तो." मग नव्याला शेंदूर, कोंबडा आणि मोहाची दारू. जुन्यानं आपल्या सवडीनं मातीत जायचं.

थोरला म्हणजे मगनचा बाप, रेवजी. घडवणाराही तोच असायला हवा होता, पण दोन वर्षं तो टाळत आला होता. एकदा डोळ्याला मोतीबिंदू होता. एकदा लाकूड ओलं होतं. एकदा लाकूड फार वाळलं होतं. शेवटी मगनचा मुलगा भाग्येश लोणखेड्याच्या कॉलेजातून सुट्टीला आला आणि मोबाइल घेऊन देवाभोवती दोन तास फिरला. तीनशे बारा फोटो काढले. त्या फोटोंमधून कॉम्प्युटरनं देवाचा आकार उचलला, आणि सुरतेतल्या लाकूड कोरणाऱ्या मशीननं तो सागाच्या ओंडक्यात उतरवला.

चूक एवढीच झाली, की शेंदराचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

दर होळीला एक हात, दर नव्या भाताला एक हात, शिवाय कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्यायली, कुणाचा ताप उतरला की आणखी एक. बासष्ट वर्षांत कपाळावर आणि पाठीवर चार-चार बोटं थर चढले होते. घरच्या माणसांना ते थर दिसतच नव्हते. त्यांना देव दिसायचा. मशीनला मात्र लाकूड कुठं संपतं आणि शेंदूर कुठं सुरू होतो हे सांगणारं कुणी नव्हतं. तिनं सगळंच कोरलं. डोळ्यावर ओघळलेला थेंब कोरला. घरच्या कोकिळा आत्याच्या लग्नात चिकटलेला तांदळाचा दाणा कोरला. वाळवीची भोकंसुद्धा, एकही न विसरता, अगदी मन लावून कोरली.

"अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही," भाग्येश म्हणाला. चार दिवस तो कॉलेजातल्या पोरांना हेच सांगत होता. आता तेच वाक्य त्याच्या तोंडून माफी मागितल्यासारखं बाहेर पडलं.

"फरक नाही तोच तर घोळ आहे ना," मगन म्हणाला.

गजराबाईला मात्र नवी मगर आवडली होती. ती रेवजीची धाकटी बहीण, बहात्तरची, आणि गावातल्या अर्ध्या खोट्या गोष्टींची मूळ मालकीण. तिनं मगरीच्या गालावर थाप मारली. म्हणाली, बासष्ट वर्षं आपल्या हातचं खाल्लंय, वाळकी कशी राहील. वाळकी निघाली असती तर मला लाज वाटली असती, शेजारच्या पाड्यावरचे म्हणाले असते देवाला उपाशी ठेवतात.

रतिलालनं लगेच फुईची, म्हणजे आत्याची, बाजू घेतली. तो रेवजीचा धाकटा मुलगा, पंचवीस वर्षं नंदुरबारला, सरकारी ऑफिसात. "फुई बरोबर सांगस," तो तिकडच्या अहिराणीत म्हणाला. "जाडी ते जाडी. आज बसाडी टाका. उद्या माले ऑफिस शे."

"नंदुरबारच्या मिरचीनं ह्याची जीभच बदलली," गजराबाई म्हणाली. बाजू घेणाऱ्यालाही ती सोडत नसे.

मगननं मग मधला रस्ता काढला. जुन्या देवाचा थोडासा शेंदूर खरवडायचा, नाकाजवळ नखाएवढा, खाली लाकूड किती बारीक आहे ते बघायचं आणि त्या अंदाजानं नवी तासायची. त्यानं कंबरेचा विळा काढला. देवापर्यंत पोचायच्या आत रेवजीनं त्याचं मनगट धरलं. चौऱ्याहत्तरच्या माणसाच्या मुठीत एवढी ताकद असेल असं मगनला वाटलं नव्हतं.

"शेंदराला हात लावायचा नाही," रेवजी म्हणाला.

"मग तुम्ही सांगा ना, बा. तुम्ही होतात घडवताना. खाली कसा आहे तो?"

"आठवत नाही."

एवढं बोलून तो बैलांना पाणी दाखवायला निघाला. कौसाबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. बावन्न वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्याशी पाच-सहा वेळा खोटं बोलला होता, आणि दर वेळी बोलून झाल्यावर बैलांना पाणी दाखवायला गेला होता. बैल विकून तीन वर्षं झाली होती.

---

रिकाम्या गोठ्यात रेवजी गव्हाणीच्या काठावर बसला.

त्याला सगळं आठवत होतं. तो बारा वर्षांचा होता. बा, म्हणजे वेस्ता, महिनाभर मगर घडवत होता आणि स्थापनेला दोन दिवस राहिले असताना त्यानं नाक गुळगुळीत करायचं काम रेवजीला दिलं होतं. फक्त सुरी वापर, पटाशी नको, असं बजावून तो पाहुण्यांना आवतण द्यायला गेला. रेवजीला वाटलं, जबड्यात दात आणखी खोल हवेत. त्यानं पटाशी लावली. एकच ठोका मारला. नाकापासून डोळ्यापर्यंत लाकूड पिकल्या सीताफळासारखं उकललं.

चिरलेल्या लाकडाचा देव होत नाही. पुन्हा रानात जायचं, पुन्हा साग बघायचा, पुन्हा महिना. पाहुणे निघालेले, कोंबडा आणून बांधलेला. पोरानं विळ्याची मूठ बसवायची लाख वितळवली, भेगेत भरली, वरून काजळी आणि तेल चोळलं. स्थापनेच्या सकाळी वेस्तानं नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवला. फार सावकाश फिरवला. आणि म्हणाला, "हाच तो."

आपण बापाचा हात फसवला, हे ओझं रेवजीनं कुणाला दाखवलं नाही. पण विहीर ढासळली तेव्हा त्याला नाक आठवलं. बैलाला सापाचं पान लागलं तेव्हा नाक आठवलं. रतिलाल गाव सोडून गेला तेव्हा, मगन दहावीला दोनदा नापास झाला तेव्हासुद्धा. दर होळीला तोच सगळ्यांच्या पुढे होऊन देवाच्या नाकाडावर शेंदराचा जाड हात द्यायचा आणि लोक म्हणायचे, रेवजीची भक्ती मोठी.

नवा देव घडवायचा तर जुना उघडा करावा लागेल, म्हणून दोन वर्षं टाळाटाळ. भाग्येशचा मोबाइल आला तेव्हा त्याला मनातून हायसं झालं होतं. न खरवडता काम होणार होतं.

---

तोवर झाडाखाली दीपमाला बोलली होती. ही रतिलालची मुलगी, नंदुरबारला जाहिदभाईंच्या एक्सरे सेंटरमध्ये कामाला. तिचं म्हणणं साधं होतं. शेंदूर न काढता आतलं बघायचं असेल तर एक्सरे काढा. देव छपराखाली जात नाही ना, मग मशीन बांधावर येईल. जाहिदभाई गावोगाव छाती तपासायची शिबिरं घेतात, त्यांच्याकडे हातात धरायचं मशीन आहे, आणि आज ते नवापूरलाच आहेत.

रतिलाल एका क्षणात जाडीचा पक्ष सोडून मुलीच्या पक्षात आला. ऑफिसचं तो विसरूनच गेला. मगन तर आधीपासून ह्याच बाजूचा. भाग्येशला वाटलं, आपल्या कामावर दुसऱ्याचं मशीन आणतायत, आणि तो जरा फुगला; पण दीपमालानं त्याला बाजूला नेऊन सांगितलं, की आतला आकार मिळाला तर तुझाच फोटो दुरुस्त होणार आहे. मग तोच फोन करायला पळाला. एकटी गजराबाई उरली. तिनं विचारलं, देवाला दुखेल का?

गोठ्यातून परतलेल्या रेवजीनं ती संधी साधली. देवाचं अंग असं आरपार बघू नये, तो म्हणाला.

कौसाबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग पोरांकडे वळून म्हणाली, "फोटोनं शेंदराला धक्का लागत नाही. काढू द्या."

जाहिदभाई तासाभरात आले. मशीन मोठ्या कॅमेऱ्याएवढं, सोबत एक पांढरी पाटी आणि लॅपटॉप. त्यांनी शिशाचा जाड अंगरखा चढवला तेव्हा गजराबाईनं विचारलं, बंदूक कुठं आहे. जेवण आधी की काम आधी, असं कौसाबाईनं विचारल्यावर ते म्हणाले पेशंट आधी, आणि लॅपटॉप उघडून बसले.

"मशीनले नाव लागस," ते म्हणाले. "नाव टाकाबिगर फोटू निंघत नही."

नाव मगरदेव, ह्यावर वाद नव्हता. बापाचं नाव काय लावायचं ह्यावर पाव तास गेला. शेवटी घडवणारा तोच म्हणून वेस्ता लावलं. वय बासष्ट. तक्रार ह्या रकान्यात दीपमालानं लिहिलं, अंगावर सूज.

सगळ्यांना वीस पावलं मागं उभं केलं गेलं. पहिला फोटो वरून काढला. पडद्यावर नुसता पांढरा गोळा आला, दुपारच्या सूर्यासारखा.

"त्यानं तोंड झाकून घेतलं," गजराबाई हळूच म्हणाली, आणि हात जोडले. रेवजीनंही जोडले. त्याचे जरा जास्तच घट्ट होते.

जाहिदभाईंनी मान हलवली. "शिंदूरमा शिसं ऱ्हास, आजी. किरण आरपार जात नही. थर वरथीन शे ना, बाजूकडथीन काढू."

तेवढ्यात लॅपटॉपनं टुण्ण केलं. त्यात फोटो वाचून रोग ओळखणारं काहीतरी बसवलेलं होतं, दर फोटोला ते आपलं मत द्यायचंच. दीपमालानं वाचून दाखवलं: छातीत पोकळ्या आढळल्या, क्षयाचा संशय, रुग्णाची थुंकी तपासून घ्यावी. गोळ्याच्या कडेला उरलेली वाळवीची भोकं बिचाऱ्याला तशी दिसली होती. मगन एवढा हसला, की त्याला बांधावर बसावं लागलं. टेम्पोवाला ट्यूब टाकून जवळ आला, आणि वीस पावलांच्या रेघेत उभा राहिला.

दुसरा फोटो बाजूनं. ह्या वेळी पडद्यावर देव आला, आणि सगळे पडद्यापाशी गोळा झाले.

वर शेंदराची पांढरी कड, आणि तिच्याखाली, राखाडी, स्वच्छ, एक सडपातळ मगर. लांब नाक, थोडं वर उचललेलं, नदीतून बाहेर येऊन हवा हुंगत असल्यासारखं. डोळ्याचा उंचवटा. जबड्यात बारीक दातांची रांग. ह्या घरातल्या तीन पिढ्यांनी ज्याच्यापुढे डोकं टेकलं तो देव त्यांना पहिल्यांदा दिसत होता. भाग्येशनं मोबाइल वर उचलला आणि तसाच खाली घेतला.

"हाई काय शे?" जाहिदभाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. नाकापासून डोळ्यापर्यंत एक काळी रेघ गेली होती. "हाड मोडेल शे. जुनं शे."

"ते माझं आहे," रेवजी म्हणाला.

सगळे वळले. रेवजी वीस पावलांच्या रेघेवरच उभा होता, जवळ आलाच नव्हता. तिथूनच त्यानं सांगितलं. पटाशी, ठोका, लाख, काजळी, सगळं. आवाज चढवला नाही, काही गाळलं नाही. विहीर सांगितली, बैल सांगितला, रतिलालचं जाणं सांगितलं. चिरलेल्या लाकडाला मी तुम्हा सगळ्यांना पाया पडायला लावलं, तो म्हणाला, आणि बाला फसवलं.

मगनला वडिलांना असं बघायची सवय नव्हती. तो म्हणाला, "म्हणजे दहावीला मी त्यामुळं..."

"दहावीत तू तुझा तू नापास झालास," कौसाबाई म्हणाली. "देवाला त्यात घेऊ नकोस."

"आणि मी नोकरी लागली म्हणून गेलो, बा," रतिलाल म्हणाला. त्याच्या तोंडी घरची जीभ परत आली होती. "देवानं नाही हाकललं मला."

कौसाबाई वीस पावलं चालून नवऱ्यापाशी गेली. बासष्ट वर्षं, तिनं मनात म्हटलं, त्यातली बावन्न माझ्या शेजारी झोपून. तिला राग यायला हवा होता. तिनं त्याच्या खांद्यावरचं गवताचं पान काढलं आणि त्याला हाताला धरून पडद्यापाशी आणलं.

जाहिदभाई अजून पडद्यातच होते. त्यांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं.

"पन आजा," ते म्हणाले, "मंग हाऊ खिळा कोनी ठोका?"

काळ्या रेघेला आडवा, जबड्याच्या आत, एक लांब पांढरा खिळा होता. लोहाराच्या हातचा, चौकोनी, टोकाशी किंचित वाकलेला. उकललेलं लाकूड त्यानं दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवलं होतं.

"मी खिळा मारला नाही," रेवजी म्हणाला.

दीपमालानं सांगितलं, की नुसत्या लाखेनं हे नाक एक पावसाळासुद्धा टिकलं नसतं. एवढी वर्षं टिकलं ते खिळ्यावर. खिळ्याचं डोकं जिभेखाली आहे, वरून दिसू नये असं. तोंडात हात घालून, आतून ठोकलाय.

रेवजी खाली बसला. पडद्यावरच्या खिळ्याला त्यानं बोट लावलं, तसं चित्र सरकलं, म्हणून बोट काढून घेतलं.

"ठोकताना आवाज झाला असणार," तो म्हणाला. "एका खोलीचं घर आमचं. मला ऐकू यायला पाहिजे होता."

झाडावरून मोहाचं एक फूल लॅपटॉपवर पडलं, ते जाहिदभाईंनी अलगद उचललं.

"स्थापनेच्या आदल्या दिवशी," रेवजी म्हणाला, "बानं मला नवापूरच्या बाजाराला पाठवलं. एकट्याला. त्याआधी कधी पाठवलं नव्हतं. मीठ आण म्हणाला. आणि जिलेबी खाऊन ये, घाई करू नको. मला इतकी वर्षं वाटायचं, नाक चांगलं केलं म्हणून खूश झाला."

"ती जिलेबी," गजराबाई म्हणाली. "मला एक कडंसुद्धा आणलं नव्हतंस."

रेवजीनं तिच्याकडे बघितलं. आधी त्याचे खांदे हलले. हसतोय की काय ते पहिल्यांदा कुणाला कळेना, कारण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग आवाज बाहेर आला आणि तो हसतच होता, बारा वर्षांच्या पोरासारखा, नाक पुसत.

भाग्येश त्याच्याजवळ उकिडवा बसला. आता आतला आकार मिळालाय, तो म्हणाला, कॉम्प्युटरवर शेंदूर काढून टाकतो, भेग बुजवतो, आठ दिवसांत सुरतेहून नवी बारीक मगर आणतो. रेवजीनं पडद्याकडे बघितलं, मग जाड मगरीकडे. उठून तिच्या नाकाडावर हात ठेवला आणि डोळे मिटून चाचपत राहिला.

"हीच चालेल," तो म्हणाला. "जाड आहे तेच बरं. लाकूड काढता येतं, घालता येत नाही. ते चित्र मात्र इथंच असू दे, मला बघायला लागेल. आणि माझी पटाशी आण."

पटाशी आली. मगन म्हणाला मी धरतो, रतिलाल म्हणाला मी टेकू देतो, भाग्येश म्हणाला मी माप सांगतो. सगळे पुढे सरकले, टेम्पोवालासुद्धा.

"तुम्ही सगळे जरा नवापूरला जाऊन या," रेवजी म्हणाला. "जिलेबी खाऊन या. घाई करू नका."

टेम्पोचं चाक चढवून झालं, तशी पुढच्या सीटवर गजराबाई बसली. मागं बाकीचे दाटीवाटीनं, जाहिदभाई शिशाच्या अंगरख्यासकट. मगन तेवढा अडून उभा होता, बाला एकटं कसं सोडायचं म्हणून. कौसाबाईनं त्याला दंडाला धरून वर ओढलं. बांधावर जुना देव, नवी मगर, लॅपटॉप आणि मधे रेवजी, एवढेच उरले. टेम्पो हलला तरी तो काही करेना. नुसता उभा राहून हे नजरेआड कधी होतात ते बघत होता.

पहिला ठोका ऐकू आला तेव्हा टेम्पो ओढा उतरत होता. कौसाबाईनं पुढची काच वाजवली आणि ड्रायव्हरला आणखी सावकाश चालवायला सांगितलं.